मध्यम बांध्याचे रिव्हॉल्व्हर



ज्या व्यासपीठावरून संतवाङ्मय, अर्थकारण आणि आकाशातील ग्रहगोल यांवर बोलले जाते, त्याच व्यासपीठावरून रिव्हॉल्व्हर कसे निवडावे यावर बोलावयास आम्ही उभे आहोत, हे पाहून आपल्यापैकी काहींनी कार्यक्रमपत्रिका दोनदा वाचली असेल. मालेच्या चिटणिसांनी तर आमच्याकडून विषय लेखी घेतला आणि लेखी आल्यावर पुन्हा तोंडी विचारला. त्यांचा दोष नाही. शस्त्र ही वस्तू आपल्याकडे एकतर दसऱ्याच्या पूजेत दिसते, नाहीतर वर्तमानपत्रातील गुन्ह्याच्या बातमीत. शांतपणे विचार करण्याच्या जागी ती सहसा येत नाही.

हा विषय आमच्याकडे चालत आला तो असा. आमच्या ओळखीचे एक गृहस्थ गावाबाहेर शेतावर घर बांधून राहतात. नवराबायको दोघेच. पुष्कळ खेटे घालून त्यांनी रिव्हॉल्व्हरचा परवाना मिळविला आणि तो कागद घेऊन ते आमच्याकडे आले. म्हणाले, “परवाना तर झाला. आता घेऊ कोणते ते तुम्ही सांगा. मी म्हणतो, मोठेच घ्यावे, म्हणजे मागाहून चुटपूट नको.” आम्ही म्हणालो, “आधी हात दाखवा.” त्यांनी ज्योतिष्यापुढे धरावा तसा तळहात पुढे केला, त्यांना वाटले, आम्ही थट्टा करतो आहोत. आम्ही थट्टा करीत नव्हतो. रिव्हॉल्व्हर निवडताना पहिली पाहावयाची वस्तू म्हणजे घेणाऱ्याचा हात. ही साधी गोष्ट मोठमोठी सैन्ये आणि पोलीसखाती गेल्या पावणेदोनशे वर्षांत कितीदा विसरली आणि कितीदा नव्याने शिकली, तेवढेच आज सांगावयाचे आहे.

प्रथम शब्दांचा घोळ मिटवू. आपली वर्तमानपत्रे ‘घोडा दाबला’ असे लिहितात. वस्तुतः बोटाने ओढावयाचा तो चाप. घोडा मागे असतो, तो चढतो आणि सुटला म्हणजे काडतुसाच्या बुडावर आपटतो. पिस्तूल आणि रिव्हॉल्व्हर हे शब्दही आपण सरमिसळ वापरतो. रिव्हॉल्व्हरची खूण म्हणजे त्याचे पाच किंवा सहा घरांचे फिरते नळकांडे. एकेका घरात एकेक काडतूस. घर नळीसमोर आले की बार होतो आणि मग पुढचे घर त्या जागी येते. अमेरिकेत सॅम्युएल कोल्टने १८३६ साली आपल्या रिव्हॉल्व्हरचे पेटंट घेतले. त्याच्या हत्यारांत प्रत्येक बारापूर्वी घोडा अंगठ्याने चढवावा लागे आणि चापाकडे काम उरे ते चढलेला घोडा सोडण्याचे. १८५१ साली लंडनच्या जागतिक प्रदर्शनात रॉबर्ट अ‍ॅडम्स या इंग्रजाने उलट तऱ्हेचे रिव्हॉल्व्हर मांडले. त्यात घोड्याला अंगठा लावण्याची सोयच नव्हती. चाप ओढीत नेला की घोडा चढे, घर फिरे आणि घोडा पडे. सगळे एका ओढीत. १८५६ साली बोमाँट नावाच्या एका लष्करी इंजिनियरने या दोन्ही रीती एका यंत्रात आणल्या: सवड असेल तर अंगठ्याने घोडा चढवा आणि हलक्या चापाने नेम साधा, सवड नसेल तर नुसता चाप ओढा. यालाच डबल अ‍ॅक्शन म्हणतात. आपण दुहेरी चालीचे म्हणू.

दुसऱ्याच वर्षी आपल्याकडे सत्तावन्नचा उठाव झाला, आणि या नव्या हत्यारांची परीक्षा आपल्या भूमीवर झाली. व्हिन्सेंट फॉसबरी या इंग्रज अधिकाऱ्याने पुढे सांगितलेली एक हकीकत शस्त्रांच्या पुस्तकांतून वारंवार भेटते. आपल्या नेमबाजीचा अभिमान बाळगणारा एक गोरा अधिकारी कोल्टचे लहान गोळीचे रिव्हॉल्व्हर घेऊन उभा होता. तलवार उपसून एक शिपाई त्याच्यावर चालून आला. अधिकाऱ्याने गोळ्यांमागून गोळ्या झाडल्या, त्यांतल्या पाच छातीवर जवळजवळ लागल्याचे मागाहून दिसले. पण तोवर शिपायाने तलवारीचा घाव घालून त्याला खाली पाडले होते. आमची सहानुभूती कोणाकडे, ते सांगावयास नको. इंग्रज लेखकांना मात्र त्या शिपायाच्या छातीतील धैर्यापेक्षा छातीतील गोळीच्या आकाराचीच चिंता अधिक पडली. गोळी लहान होती, ती मोठी हवी, असा पक्ष तेव्हापासून जोरात आला, आणि त्या पक्षाचा आवाज अजून बसलेला नाही.

मोठी म्हणजे किती? इंग्रजी शस्त्रविद्येत गोळीचे वजन ग्रेनमध्ये सांगतात, आणि आपल्या सुदैवाने आपला जुना तोळा बरोबर १८० ग्रेनचा आहे. त्यामुळे सोनाराच्या दुकानात गेलेल्या कोणालाही हा हिशेब कळेल. इंग्रजांच्या लष्कराने १८८७ पासून जी वेब्ले रिव्हॉल्व्हरे घेतली, त्यांच्या ४५५ बोअरच्या काडतुसाची गोळी २६५ ग्रेनची, म्हणजे जवळजवळ दीड तोळ्याची. अमेरिकन पोलिसांनी पुढे पाऊणशे वर्षे जे ३८ स्पेशल काडतूस वापरले त्याची नेहमीची गोळी १५८ ग्रेनची, तोळ्याला थोडी कमी. आणि आपल्याकडे परवान्यावर मिळते त्या ३२ बोअरची गोळी शंभर ग्रेनच्या आत, अर्ध्या तोळ्याहून किंचित अधिक. जसजशी गोळी जड आणि तिच्यामागची दारू अधिक, तसतसा सांगाडा थोर लागतो, मूठ जाड होते, आणि बार होताना हाताला बसणारा धक्काही वाढत जातो. म्हणून रिव्हॉल्व्हरांत लहान, मध्यम आणि थोर असे तीन बांधे पडले.

थोर बांध्याच्या पक्षाला दुसरे बळ मिळाले ते फिलिपाइन्समध्ये. अमेरिकन लष्कराने १८९२ साली कोल्टचे ३८ बोअरचे दुहेरी चालीचे रिव्हॉल्व्हर स्वीकारले होते. फिलिपाइन्सच्या बेटांत लढताना तक्रारी येऊ लागल्या, की गोळ्या लागतात आणि माणूस थांबत नाही. समार बेटावर १९०५ साली पळू पाहणाऱ्या एका कैद्याला अगदी जवळून चार गोळ्या लागल्या, त्यांतल्या तीन छातीत. शेवटी बंदुकीच्या दस्त्याचा तडाखा कपाळावर बसला तेव्हा तो थांबला. त्याच्या आदल्याच वर्षी, १९०४ साली, थॉम्प्सन आणि लागार्ड या दोन अधिकाऱ्यांनी शिकागोच्या कत्तलखान्यातील गुरांवर आणि मृतदेहांवर गोळ्या झाडून प्रयोग केले होते आणि लष्करी पिस्तुलाची गोळी ४५ बोअरहून लहान नसावी असा निष्कर्ष दिला होता. त्या प्रयोगांचे वर्णन वाचवत नाही; आणि ते ज्या तऱ्हेने केले त्यावरून एवढा मोठा निष्कर्ष निघतो असे आम्हांस वाटत नाही. पण लष्कराने तो मानला.

येथे थोडे थांबले पाहिजे. गोळी लागताच माणूस मागे उडून पडतो, हे चित्रपटातले चित्र आपल्या डोळ्यांत इतके बसले आहे, की समारच्या कैद्याची हकीकत आपल्याला चमत्कार वाटते. ती चमत्कार नाही. गोळी पुढे ज्या जोराने जाते त्याच जोराने रिव्हॉल्व्हर मागे येते, हा न्यूटनचा नियम शाळेतच शिकविलेला असतो. झाडणारा जर उलथून पडत नाही, तर ज्याला लागते तोही नुसत्या धक्क्याने पडणार नाही. हातात धरावयाच्या शस्त्राची गोळी करते काय, तर एक भोक. ते भोक कोठे पडले आणि किती खोल गेले यावर पुढचे सारे अवलंबून. अमेरिकेच्या एफबीआय या तपासखात्याने १९८९ साली याच विषयावर एक टिपण काढले, त्याचाही रोख हाच आहे. म्हणजे गोळीचे वजन हा प्रश्न दुसरा, गोळी हव्या त्या जागी जाते की नाही हा पहिला. आणि पहिल्या प्रश्नाचे उत्तर हातापाशी आहे.

लष्कर ४५ बोअरकडे गेले तरी पोलीस गेले नाहीत, ही त्या काळातील खरी ध्यानात घेण्यासारखी गोष्ट. स्मिथ अँड वेसन या कारखान्याने १८९९ साली ‘मिलिटरी अँड पोलीस’ या नावाचे मध्यम बांध्याचे, सहा घरांचे, दुहेरी चालीचे रिव्हॉल्व्हर बाजारात आणले. ३८ स्पेशल हे काडतूस त्याच्याच जोडीने पुढे आले. कारखान्याच्या परिभाषेत या बांध्याला ‘के’ म्हणतात. १९५७ साली कारखान्याने सगळ्या मालाला क्रमांक दिले, तेव्हा याला १० हा क्रमांक मिळाला. साठ लाखांहून अधिक नग झाले आणि अजून ते बनते. नावात ‘मिलिटरी’ आधी असले तरी त्याचे पोट भरले ते पोलिसांनी. कोल्टचेही याच मापाचे ‘ऑफिशियल पोलीस’ १९२७ पासून त्याच्या बरोबरीने चालले. दोन्ही उत्तम, फरक लहान, पण घाईत नडणारा. कोल्टची खिट्टी मागे ओढली म्हणजे नळकांडे बाहेर येते, स्मिथची पुढे ढकलली म्हणजे. एकावर हात बसलेल्या माणसाला अंधारात दुसरे दिले की अंगठा चुकतोच.

पोलिसांनी मध्यम बांधा का धरला? त्यांच्यात सर्व मापांचे हात होते, म्हणून. शिपाई भरती करताना खाते उंची पाहते, छाती पाहते. बोटे मोजीत नाही. आणि रिव्हॉल्व्हर तर सगळ्यांना एकच द्यावयाचे. चार इंच नळीचे क्रमांक १० एक किलोहून थोडे कमी भरते. आता दुहेरी चालीने चाप ओढावयाचा तर बोटाला साधारण पाच किलोंचा जोर लावावा लागतो; घोडा अंगठ्याने चढविलेला असेल तर दीड-दोन किलोच. आपण हा हिशेब जरा मनात घोळवून पाहावा. एक किलोची वस्तू एका मुठीत अधांतरी धरली आहे आणि त्याच मुठीचे एक बोट तिला तिच्या वजनाच्या पाचपट जोराने ओढते आहे. ती वस्तू हलणार नाही तर काय होईल? नळीच्या टोकावरील माशी थोडीशी हलली, की पंधरा पावलांवर गोळी कितीतरी अधिक बाजूला. दुहेरी चालीच्या रिव्हॉल्व्हरचा सारा अभ्यास म्हणजे ही ओढ सरळ मागे आणि एकसारखी कशी घ्यावी याचा अभ्यास.

त्यासाठी बोटाचे पेर चापावर नीट पोहोचले पाहिजे. अंगठा आणि तर्जनी यांमधील बेचके मुठीच्या पाठीवर घट्ट बसवावे, नळी हाताच्या सरळ रेषेत ठेवावी, आणि मग पाहावे: तर्जनीच्या पहिल्या पेराचा मध्य चापावर येतो का? येत असेल तर बांधा आपला. नुसते टोक पोहोचत असेल तर माणूस नकळत हत्यार मुठीत फिरवून घेतो. मग धक्का हाताच्या हाडात न जाता अंगठ्याच्या सांध्यावर बसतो. दहा-वीस बारांत सांधा दुखू लागतो, त्या दुखण्याची भीती बसते, आणि भीतीने पुढच्या प्रत्येक बाराला हात आधीच झटका देतो. थोर रिव्हॉल्व्हर घेतलेली पुष्कळ माणसे वर्षातून एकदा ते पुसण्यापलीकडे त्याला हात लावीत नाहीत, त्याचे कारण येथे आहे.

मग लहानच का घेऊ नये? हा प्रश्न आम्हांस नेहमी येतो, आणि बहुधा ‘घरच्या बाईसाठी’ असे त्याला जोडलेले असते. लहान बांध्याची पाच घरांची रिव्हॉल्व्हरे लोकप्रिय आहेत. स्मिथचे तसले एक १९५० साली निघाले. ती खिशात राहतात, हे त्यांचे मोठेपण. पण सामान्य समजूत येथे उलटी आहे. लहान हत्यार हाताळावयास सोपे नसते, नुसते बाळगावयास सोपे असते. वजन घटले की तोच धक्का अधिक बसतो. नळी आखूड झाली की माशी आणि खाच यांतील अंतर कमी होते आणि नेमातली लहान चूक मोठी होते. आणि वजन निम्मे झाले म्हणून चापाची ओढ काही निम्मी होत नाही. २०१४ साली कानपूरच्या सरकारी कारखान्याने ‘निर्भीक’ हे ३२ बोअरचे रिव्हॉल्व्हर खास स्त्रियांसाठी म्हणून काढले. त्याचे वजन अर्धा किलो असल्याची मोठी वाखाणणी झाली. काडतूस सौम्य असल्यामुळे त्यात धक्क्याचा प्रश्न फारसा नाही, हे खरे. पण पाच किलोंच्या ओढीला एक किलोचे हत्यार कसे हलते ते आपण आत्ताच पाहिले. अर्धा किलोचे किती हलेल, याचा विचार वाखाणणी करणाऱ्यांनी केलेला आम्हांस दिसला नाही. पर्सचे माप घेऊन हत्यार बनविले आणि हाताचे माप घ्यावयाचे राहिले.

मध्यम बांध्याचे दुहेरी चालीचे रिव्हॉल्व्हर सरावलेल्या हातात काय करू शकते, हे अमेरिकेत एड मॅकगिव्हर्न याने दाखविले. १९३२ साली त्याने पाच गोळ्या अर्ध्या सेकंदाच्या आत झाडल्या, आणि त्या पाचही एका नाण्याखाली झाकता येतील अशा लागल्या. आम्ही हे सांगतो ते आपण तसे करावे म्हणून नव्हे. जो चाप जड आहे, त्याने नेम लागत नाही, असे लोक म्हणतात, त्याच चापाने ते झाले एवढ्यासाठी सांगतो. त्यामागे किती हजार बार असतील याचा हिशेब ज्याने त्याने करावा.

आता त्या गोष्टीकडे येतो, जी आमच्या मते या साऱ्या विषयातील सर्वांत शिकण्यासारखी आहे. १९३५ साली ३५७ मॅग्नम नावाचे जबर काडतूस निघाले. ३८ स्पेशलची गोळी खरोखर ३५७ सहस्रांश इंच व्यासाचीच असते, नाव मात्र ३८. मॅग्नमची पुंगळी तेवढी थोडी लांब आणि तिच्यातील दारू पुष्कळ जोरकस. त्यामुळे मॅग्नमच्या रिव्हॉल्व्हरमध्ये ३८ चे काडतूस चालते, उलट चालत नाही. सुरुवातीची मॅग्नम रिव्हॉल्व्हरे थोर बांध्याची होती. सरहद्द पोलिसांतील बिल जॉर्डन हा चांगला धिप्पाड माणूस, हाताचा पंजा मोठा. त्याला थोर हत्यार जड जाण्याचे काही कारण नव्हते. पण दिवसभर कमरेला लावून हिंडणे काय असते हे त्याला ठाऊक होते. त्याच्या आग्रहाने स्मिथ अँड वेसनने १९५५ साली मध्यम ‘के’ बांध्यातच मॅग्नम बसविले. त्यामागचा विचार चोख होता: सराव ३८ च्या सौम्य काडतुसांनी करा, कामावर जाताना मॅग्नम भरा. मॅग्नमचे बार आयुष्यात थोडेच होतील, हत्यार टिकेल, हातही टिकेल.

पंधरा वर्षे हे छान चालले. मग ६ एप्रिल १९७० च्या मध्यरात्री कॅलिफोर्नियात न्यूहॉल येथे महामार्ग पोलिसांचे चार शिपाई काही मिनिटांत मारले गेले. चौघेही पोरवयाचे. त्यांतील एक जण रिकाम्या रिव्हॉल्व्हरमध्ये एकेक काडतूस भरीत असतानाच गेला. चौकशा झाल्या, आणि प्रश्न निघाला: ज्या काडतुसांनी शिकविता ती एक, आणि जीवावर बेतल्यावर झाडावयाची ती दुसरी, असे का? प्रश्न रास्त होता. मॅग्नमचा धक्का, आवाज, जाळ, सारेच वेगळे. हळूहळू बऱ्याच खात्यांनी नियम केला, की जे काडतूस कामावर तेच सरावाला.

आणि आता मौज पाहा. मौज शब्द बरा नाही, पण दुसरा सुचत नाही. माणसाच्या दृष्टीने जो नियम योग्य, तोच हत्याराला भोवला. जॉर्डनच्या हिशेबात मॅग्नमचे बार क्वचित व्हावयाचे होते. ते आता सरावात शेकड्यांनी होऊ लागले. ‘के’ बांध्यात नळीचे मागचे तोंड खालच्या बाजूस जागेअभावी थोडे तासलेले असते. तेथे धातू पातळ. नेमक्या त्या जागी चिरा जाऊ लागल्या, नळकांडी ढिली होऊ लागली. हत्यार खोटे नव्हते आणि नियमही खोटा नव्हता. हत्यार एका हिशेबाने घडविले आणि दुसऱ्या हिशेबाने वापरले. कारखान्याने १९८० च्या सुमारास मुठीचे माप ‘के’चेच ठेवून पुढचा सांगाडा आणि नळी भक्कम केलेला ‘एल’ नावाचा नवा बांधा काढला. ध्यानात घ्या, सगळे बदलले, पण मूठ बदलली नाही. तेवढे मात्र ते लोक शिकले होते. आमच्या मते मात्र ज्याचा रोजचा धंदा हा नव्हे, त्याला मॅग्नमची गरजच नव्हती.

इंग्रजांची गंमत आणखी निराळी. पहिल्या महायुद्धानंतर त्यांना कळले, की दीड तोळ्याची गोळी झाडणारे वेब्ले चांगले चालवावयास जो सराव लागतो, तो घाईत भरती केलेल्या सैनिकाला देता येत नाही. म्हणून त्यांनी ३८ बोअरचे हलके रिव्हॉल्व्हर ठरविले. वेब्लेने नमुना केला. सरकारने तो किंचित फिरवून आपल्याच एन्फील्डच्या कारखान्यात १९३२ पासून बनविला, आणि वेब्लेला पुढे भरपाईसाठी भांडावे लागले. येथवर ठीक. मग रणगाड्यांतील लोकांची तक्रार आली, की चढत्या-उतरत्या वेळी घोड्याचे टोक कशात तरी अडकते. १९३८ साली टोकच कापले. आता अंगठ्याने घोडा चढविणे संपले. राहिली फक्त चापाची जड ओढ. रणगाड्यातल्या माणसाला ते सोयीचे. पण हेच हत्यार मग सगळ्यांना वाटले गेले, आणि ज्यांचा रणगाड्याशी संबंध नव्हता ते सैनिक त्याला नावे ठेवीत युद्धभर वागवीत राहिले. सत्याऐंशी वर्षे मागे जाऊन ते पुन्हा अ‍ॅडम्सपाशी आले!

आपल्याकडची स्थिती थोडक्यात सांगतो, कारण ती थोडकीच आहे. शस्त्र अधिनियम १९५९ चा. तो १९६२ पासून अमलात आला. पोलीस-लष्कराची ३८, ४५५ आणि ९ मिलिमीटरची काडतुसे ज्यांत चालतात ती हत्यारे सामान्य परवानाधारकाला मिळत नाहीत. म्हणून आपल्या बाजारात ३२ बोअरचे राज्य. कानपूरच्या कारखान्याचे ३२ चे जुने रिव्हॉल्व्हर मधून मोडून उघडते. ते वेब्लेच्या त्याच ३८ च्या घराण्यातले, म्हणजे हा सारा इंग्रजी इतिहास आपल्या दुकानाच्या काचेमागे अजून बसलेला आहे. २०१९ च्या दुरुस्तीने एका माणसाला दोनांहून अधिक शस्त्रे ठेवता येत नाहीत. २०१६ च्या नियमांनी शस्त्र सुरक्षित ठेवण्याची जबाबदारी धारकावर टाकली, आणि हाताळणीचे शिक्षणही सांगितले. निवड अरुंद आहे, तरी आहे. आणि ३२ ला हसणाऱ्यांनी तो धक्क्याचा हिशेब पुन्हा करून पाहावा.

“ऑटोमॅटिक पिस्तूल का नको?” असे समोरून कोणीतरी विचारण्याच्या बेतात आहे. अमेरिकन पोलीस १९८० नंतर तिकडे वळले. त्यांना ते योग्यच होते. पण जो माणूस सहा महिने कपाटाला हात लावीत नाही, त्याला रिव्हॉल्व्हर बरे. एक काडतूस पेटले नाही तरी चाप पुन्हा ओढला की पुढचे घर येते, वेगळी खटपट नाही. आणि भरलेले आहे की रिकामे, हे नळकांडे बाहेर काढताच डोळ्यांना दिसते. घरात माणसे असतील तर ही शेवटची गोष्ट आम्ही पहिली मानू.

त्या गृहस्थांना घेऊन आम्ही दुकानात गेलो. सोबत त्यांच्या पत्नीलाही या म्हटले, तर ते म्हणाले, “हिला कशाला?” आम्ही विचारले, “तुम्ही तालुक्याला जाता तेव्हा घरी कोण असते?” त्यावर ते काही बोलले नाहीत. दुकानदाराने तीन नग काढले, रिकामे असल्याचे स्वतः पाहिले, आम्हांस दाखविले, मग दिले. गृहस्थांच्या पंज्याला तिन्ही बसली. बाईंच्या बोटाचे पेर दोहोंवर नीट आले नाही, तिसऱ्यावर आले. पण दुहेरी चालीने चाप ओढता ओढता नळीचे टोक टेबलाकडे गेले. त्यांनी ते खाली ठेवले आणि नवऱ्याला विचारले, “हे कुलपात ठेवायचे ना? मग रात्री कोणी आले तर मी आधी किल्ली शोधू, का चश्मा?” दुकानदार हसला. गृहस्थ हसले नाहीत.

त्या दिवशी त्यांनी काही घेतले नाही. दोघेही एका नेमबाजीच्या मंडळाचे सभासद झाले आणि दर रविवारी तेथे जातात. आधी महिनाभर एकही काडतूस नाही. रिकाम्या रिव्हॉल्व्हरच्या नळीवर, माशीच्या मागे, एक नाणे ठेवावयाचे आणि ते न पडू देता चाप दुहेरी चालीने ओढावयाचा. पहिल्या रविवारी नाणे दर वेळी पडले. गेल्या रविवारी दहांपैकी त्यांचे सहा वेळा टिकले आणि बाईंचे आठ वेळा. कोणते घ्यावयाचे ते अजून ठरलेले नाही, आणि घ्यावयाचे की नाही हेही.